उभ्या लॉरीची मजुरी

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत औरंगाबादेत पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, आणि चिठ्ठी हातात असली तरी पेट्रोल मिळेलच याची खात्री नसायची. मग लॉरीवाल्या शेठ लोकांनी गाड्यांच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या बसवून घेतल्या. छातीएवढं उंच लोखंडी पिंप. त्यात कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवून धग आणायची आणि निघालेला गॅस नळीतून इंजिनात सोडायचा. गाडी चालायची, पण दमेकरी माणूस जिना चढतो तशी.

झुंबरलाल शेठची शेव्हरले लॉरी चालवायला मोहियोद्दीन होता. बायजीपुऱ्यात राहायचा. चाळिशीतला, अंगानं वाळका, बोलायला सावकाश. भट्टी आल्यापासून त्याच्या मिशा कितीही धुतल्या तरी काळ्याच राहायच्या, म्हणून त्याची बायको अजरा त्याला चिडवायची, "अल्ला का शुकर है जी, लढाई ने तुमकू जवान कर दिया." त्याच्या जोडीला क्लीनर म्हणून बन्सी. बन्सी त्याच्यापेक्षा वयानं मोठा. पूर्वी जिनिंगच्या बॉयलरवर कोळसा ओढायचा, त्यामुळे आगीचा स्वभाव त्याला माहीत होता.

पूर्वी दोघांनाही महिन्याचा पगार असे. भट्टी बसली तशा गाड्या वाटेत अडकू लागल्या, आणि शेठनं पगार बंद करून फेरीवर पैसे लावले. फेरी पुरी झाली की पैसे. वाटेत गाडी चार दिवस उभी राहिली तर त्या चार दिवसांचं काही नाही. तक्रार सगळे ड्रायव्हर करायचे, शहागंजात चहा पिताना. शेठपुढं कोणी करत नसे.

त्या श्रावणात रेल्वेचे डबे लष्कराच्या मालात गुंतले आणि औरंगाबादच्या बाजारात मिठाचा खडा मिळेना. झुंबरलाल शेठनं जळगावहून मीठ आणायचं ठरवलं. मोहियोद्दीन आणि बन्सी गेले, गोण्या भरल्या, वर दोन ताडपत्र्या बांधल्या आणि परतीला लागले. वाकोदच्या पुढं झड लागली. बारीक, न थांबणारी, दिवस-रात्र झिरपत राहणारी झड.

फर्दापूरला करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून गाडी पुढं काढणार, तोच घाटातून उतरलेल्या एका घोडेवाल्यानं सांगितलं की वरच्या वळणावर दरड कोसळलीय, माणूसदेखील मुश्किलीनं जातोय. मागं वळावं तर डोंगरातल्या पावसानं वाकोदच्या ओढ्याला पूर आल्याचं नाक्यावरच कळलं. पुढचा रस्ता बंद, मागचाही बंद.

"भाई, आता?" बन्सीनं विचारलं.

मोहियोद्दीन खाली उतरला, लॉरीच्या मागं गेला आणि फाळक्याखाली हात धरला. पाण्याचे थेंब हातावर पडले. त्यानं बोट जिभेला लावलं. खारट.

"माल रडायला लागलाय," तो म्हणाला. "आधी याला छप्पर बघू."

फर्दापुरात जुनी बादशाही सराई आहे. दगडी भिंती, आत ओळीनं कमानीच्या खोल्या. काही खोल्यांत लोक राहायचे, काहींत गुरं नाहीतर वैरण. तिथंच पुंजाराम गाडीवान राहत असे. लॉऱ्या सुरू व्हायच्या आधी जळगाव-औरंगाबाद रस्त्यावर त्याच्या बापाचा आणि त्याचा बैलगाड्यांचा धंदा होता. लॉऱ्यांनी तो मारला. आता एक बैलजोडी उरली होती. मोहियोद्दीन जाता-येता त्याला राम-राम करायचा, एवढीच ओळख.

सराईतली कोरडी म्हणावी अशी एकच खोली होती. पुंजारामची, आणि ती कडब्यानं भरलेली.

"आमचा कडबा भायेर काढला तर भिजंल की," पुंजारामची बायको सारजाबाई म्हणाली. "मंग बैलांनी काय खावं? मीठ?"

बाई खोटं बोलत नव्हती. मोहियोद्दीन म्हणाला, "खरं हाय वहिनी. माझ्याजवळ द्यायला पैसे बी नाहीत. फेरी पुरी झाल्यावर मिळतात आम्हाला. पण औरंगाबादेत लोक आळणी भाकर खायलेत. एवढं मीठ डोळ्यांदेखत वाहून गेलं तर मला घास जायचा नाही."

सारजाबाई आत गेली. पुंजाराम दाढी खाजवत उभा राहिला. थोड्या वेळानं ती डोईवर पोतं पांघरून बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "निम्मा कडबा आपल्या राहत्या खोलीत घालू. आपण वट्ट्यावर निजू. बघत काय उभं राह्यले? चला की."

मग सराईतली माणसं जमा झाली. कडब्याच्या पेंढ्या इकडून तिकडं, गोण्या लॉरीतून खोलीत. खाली राखेचा थर दिला, राखेवर दगड, दगडांवर फळ्या आणि फळ्यांवर गोण्या. अगदी तळाच्या दोन गोण्या वाटेतच भिजून अर्ध्या झाल्या होत्या. त्या दोन्ही मोहियोद्दीननं सराईच्या मधोमध उघडून ठेवल्या.

"मजुरी म्हणून घ्या," तो सगळ्यांना म्हणाला. "शेठला मी सांगीन मीच वाटल्या म्हणून. बाकीच्यांना हात लावायचा नाही. त्यांची शिलाई जशीच्या तशी पोचली पाहिजे."

कोणी ओंजळीत नेलं, कोणी पदरात. शिलाईला शेवटपर्यंत कोणी हात लावला नाही.

खोलीला छप्पर होतं, पण हवेतच पाणी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोण्यांना हात लावला तर ओलसर लागल्या. बन्सी म्हणाला, "भट्टीचा कोळसा हाय ना. घमेल्यांत पेटवून आत ठिवू. हवा सुकंल."

"आणि गाडी कशावर चालवायची?"

"त्ये मागून बघू. मीठच नाय राह्यलं तर गाडी न्यून काय करायचं?"

तेव्हापासून दोघांनी पाळी लावली. घमेल्यांत निखारे करायचे, गोण्यांच्या मधल्या वाटेत ठेवायचे, राख झाली की बदलायचे. दार आणि वरचा झरोका उघडा ठेवायचा, कारण कोंडलेल्या कोळशाचा धूर दिसत नाही आणि माणसाला चढतो. हे बन्सीला पक्कं ठाऊक होतं. पण एके दुपारी वाऱ्यानं पाऊस दारातून आत मारू लागला, तसं त्यानं दार लोटून घेतलं, पाचच मिनिटं म्हणून. मोहियोद्दीन गावातल्या लोहाराकडून कोळशाचं एक पोतं उधार घेऊन आला तर दार बंद. त्यानं लाथेनं दार उघडलं. बन्सी गोण्यांना टेकून बसलेला, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर ओ नाही. काखेत हात घालून त्यानं त्याला फरफटत पावसात आणलं आणि चिखलातच आडवं केलं. सारजाबाई धावत आली, तोंडावर पाणी मारू लागली. मोहियोद्दीन त्याची छाती चोळत होता आणि म्हणत होता, "बन्सी, ऊठ रे. ऊठ माझ्या राजा. बॉयलरनं नाही नेलं तुला, आता मिठासाठी जातो काय?"

बऱ्याच वेळानं बन्सी ओकला आणि त्यानं डोळे उघडले. पहिला शब्द बोलला तो, "मीठ?"

"जाऊ दे मसणात मीठ!" मोहियोद्दीन ओरडला. त्याला कोणी कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पुढची पाळी त्यानं एकट्यानं केली, दार सताड उघडं ठेवून, दारात ताडपत्रीचा आडोसा स्वतः हातानं धरून.

झड पाच-सहा दिवस चालली. संध्याकाळी सारजाबाई भाकरी आणि अंबाडीची भाजी आणून द्यायची, आणि पुंजाराम वट्ट्यावर येऊन बसायचा. अशाच एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "मोहिद्दीनभाई, तुमची खोटी किती बसती रोजची?"

गाडीवानाला माल घेऊन वाटेत थांबून राहावं लागलं, तर त्या खोळंब्याला खोटी म्हणत. मोहियोद्दीनला शब्द माहीत होता, सवाल कळला नाही.

"बसती म्हणजे?"

"म्हंजी शेठ किती देतो? आमचा बाप कापूस घेऊन जायचा तवा पूर आला, रस्ता तुटला, तर ब्यापारी रोजची खोटी भरून द्यायचा. बैल हुभा राह्यला म्हून काय खायचा थांबतोय व्हय? आन् गाडीवानानं माल राखलाच ना तितके दिस."

"आम्हाला तसं काही नाही," मोहियोद्दीन म्हणाला. "चाक फिरलं तर पैसे."

पुंजाराम त्याच्याकडं बघतच राहिला. "आन् म्या म्हनायचो, लॉरीवाले लई कमवून राह्यले." मग हळूच म्हणाला, "तुमच्यावर लई राग व्हता माझा. इतके वर्स."

"ठाऊक होतं," मोहियोद्दीन म्हणाला. दोघं हसले.

झड उघडली, दरड काढली गेली आणि रस्ता मोकळा झाल्याची खबर आली. गोण्या परत लॉरीत चढल्या. कोरड्या, शिलाई शाबूत. पण उधारीचा कोळसा हलका, गाडी भरलेली आणि रस्ता चिकट. पेट्रोल असतं तरी त्या घाटात लॉरीला घाम फुटायचा. पुंजारामनं न विचारता आपली जोडी आणली आणि गावातल्या आणखी दोघांच्या जोड्या. लॉरीच्या पुढच्या आकड्याला दोर बांधले. मोहियोद्दीन म्हणाला, "भाऊ, भाडं आत्ता देता यायचं नाही."

"मागितलं का म्या?"

इंजिन आणि बैल एकदम लागले. पुंजाराम पुढं चालत बैलांना नावानं हाका मारत होता. बन्सी मागच्या चाकापाशी, हातात दोन उट्या घेऊन. उटी म्हणजे चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा. निम्मा घाट नीट गेला. जिथं दरड पडली होती त्या वळणावर ताजी माती होती. पुढचं चाक रुतलं, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. लॉरी मागं सरकू लागली. बैल गुडघ्यांवर आले. खाली दरी, आणि दरीत वाघूर गढूळ पाण्यानं भरून चाललेली.

"बन्सी!"

बन्सीनं उटी सारली. चाक तिच्यावर चढलं, ओल्या मातीत ती घसरली. त्यानं दुसरी लावली आणि तिला स्वतःचा खांदा दिला. मोहियोद्दीननं ब्रेकवर उभं राहून चाक डोंगराकडं वळवलं. लॉरीची मागची बाजू दरडीच्या दगडावर आदळली आणि गाडी थांबली.

पुंजाराम दोर धरून ओरडत होता, "उतरा! भाई, उडी टाका! जाऊ द्या तिला!"

मोहियोद्दीन उतरला नाही. आपण ब्रेक सोडला तर मागं बन्सी आहे आणि पुढं दोरात बैल आहेत, हे त्याला दिसत होतं. त्यानं शांतपणे सांगितलं, "आधी बन्सीला काढा. मग चाकांमागं दगड भरा. मी बसतो."

माणसांनी दगड रचले. तोवर तो ब्रेकवरून हलला नाही. दगड पक्के झाल्यावर बन्सीनं भट्टीचा पंखा फिरवायला घेतला. निखारा लाल व्हायला आणि गॅस चांगला यायला बराच वेळ लागला. गॅस आला, हँडल मारलं, इंजिन लागलं. पुंजारामनं बैलांच्या पाठीवर थाप दिली. एकेक वीत करत ते वळण सरलं.

वर अजिंठ्याच्या पठारावर गाडी पोचली तेव्हा ऊन पडलं होतं. मोहियोद्दीन खाली उतरला. तो रस्त्याच्या कडेला गवतात बसला. पुंजाराम बैलांचे गुडघे तपासून आला आणि त्याच्या शेजारी टेकला. "माझा बाप असता ना," तो म्हणाला, "तर तुम्हाला गाडीवान म्हनला असता." त्याच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक होणं शक्य नव्हतं, आणि मोहियोद्दीनला ते समजलं.

औरंगाबादेत मीठ उतरलं तेव्हा मोंढ्याच्या बाजारात गर्दी लोटली. झुंबरलाल शेठ खूश होता. भिजलेल्या दोन गोण्यांची गोष्ट मोहियोद्दीननं पहिल्याच वाक्यात सांगितली. शेठ म्हणाला, "अरे, मी सगळंच गेलं म्हणून बसलो होतो. दोन गोण्यांचं काय घेऊन बसलास?" आणि त्यानं ठरलेले फेरीचे पैसे पुढं केले.

मोहियोद्दीननं हात पुढं केला नाही.

"शेठ, खोटी?"

"कसली खोटी?"

"फर्दापूरला थांबलो त्याची. माझी आणि बन्सीची. पुंजारामच्या बैलांचं भाडं वेगळं, लोहाराचा कोळसा वेगळा."

"बैलांचं देतो, कोळशाचं देतो. तुझं कशाचं? लॉरी तर उभी होती."

"लॉरी उभी होती शेठ. मी नव्हतो."

शेठ दुखावला. माणूस वाईट नव्हता, पण आजवर असं कोणी मागितलं नव्हतं. "आज तुला दिलं तर उद्या सगळे मागतील."

"मागतील," मोहियोद्दीन म्हणाला. "त्यांचंही बरोबरच असेल."

त्यानं फेरीचे पैसे घेतले, अदबीनं सलाम केला, लॉरीचं हँडल गादीजवळ भिंतीला टेकवून ठेवलं आणि पायी घरी गेला. बन्सी त्याच्या मागोमाग.

अजरानं सगळं ऐकून घेतलं. ती घरी हिमरू कापडाच्या कारखान्यासाठी धाग्याच्या कांड्या भरायची. हातातला धागा न थांबवता तिनं विचारलं, "बन्सीभाई के वास्ते बी मंग्या ना?"

"हो."

"फिर ठीक है. मैं दो कांड्या जादा भरतूं." थोड्या वेळानं ती म्हणाली, "वो घाट का बतायेच नै तुम. बन्सीभाई ने बताये." आणि धागा सोडून तिनं तोंडावर ओढणी घेतली.

शेठनं दुसरा ड्रायव्हर शोधायला घेतला. पहिला मजीद. मजीद दुसऱ्या एका शेठच्या लॉरीवर होता आणि तिथं खूश नव्हता. तो झुंबरलालकडं जायच्या आधी बायजीपुऱ्यात आला, मोहियोद्दीनच्या दारात चहा प्यायला आणि शेठकडं जाऊन म्हणाला, "येतो की. पण खोटी देणार ना?" त्यानंतर जो जो आला, त्यानं तेच विचारलं. कोणी सभा घेतली नव्हती. घाटातली हकीकत शहागंजात सगळ्यांनी ऐकली होती, एवढंच.

शेवटी लासूर स्टेशनकडचा एक पेट्रोलवर शिकलेला माणूस मिळाला. त्याला भट्टी येत नव्हती. शेठ म्हणाला, त्यात काय आहे, आणि स्वतः धोतर खोचून उभा राहिला. सकाळभर दोघांनी पंखा फिरवला. धूर झाला, डोळे लाल झाले, शेठचं धोतर, टोपी, मिशा काळ्या झाल्या. इंजिन एकदाही लागलं नाही. मोंढ्यातले हमाल दुरून तोंड फिरवून हसत होते.

त्याच दुपारी झुंबरलाल शेठ बायजीपुऱ्यात आला. तोंड धुतलं होतं, पण कानांमागं काजळी तशीच. मोहियोद्दीननं खाट टाकली. शेठ बसला, पाणी प्यायला, खोकला.

"रोज किती वेळ लागतो रे ती पेटवायला?"

"झडीत जास्त. कोरड्या दिवसात कमी."

"आणि त्याचे मी काही देत नव्हतो."

मोहियोद्दीननं रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"माझे वडील गाडीवानांना खोटी भरून द्यायचे," शेठ म्हणाला. "मी लहान असताना पाहिलंय. लॉरी घेतली तेव्हा वाटलं, आता यंत्र आहे, यंत्राला काय खोटी?" मग तो म्हणाला, "निम्मी देतो. चालेल?"

"पुरी शेठ," मोहियोद्दीन म्हणाला. आवाज चढवला नाही. "बन्सीनं निम्मा जीव नव्हता लावला कोळशाच्या धुरात."

शेठनं मान खाली घातली. आतून कांड्या भरण्याचा आवाज थांबला होता.

"पुरी," शेठ म्हणाला. "मागची बी, पुढची बी. दोघांची."

मग अजरानं आतून चहा पाठवला. शेठनं तो घेतला. बायजीपुऱ्यातल्या कोणाच्या घरी चहा घ्यायची ही त्याची पहिलीच वेळ होती.

पुढच्या फेरीला मोहियोद्दीननं बैलांचं भाडं आणि लोहाराचे पैसे फर्दापूरला पोचते केले. इतर शेठ लोकांनी लगेच खोटी दिली असं नाही. मजीदला आपल्या शेठशी वर्षभर झगडावं लागलं, आणि एका मालकानं तर शेवटपर्यंत दिली नाही. त्याच्याकडं मग चांगला ड्रायव्हर टिकेना. पण हळूहळू त्या रस्त्यावर नवा माणूस कामाला लागताना फेरीचा दर ठरवायचा आणि पाठोपाठ खोटीचा. लढाई संपली, पेट्रोल आलं, भट्ट्या भंगारात गेल्या, निजामाचं राज्यही गेलं. मोहियोद्दीन त्यानंतरही बरीच वर्षं गाडीवर होता. हैदराबादपर्यंत जायचा, नागपूरपर्यंत जायचा. नवे ड्रायव्हर त्याला घाटातल्या त्या दिवसाबद्दल विचारायचे. तो म्हणायचा, मी तर नुसता ब्रेकवर पाय देऊन बसलो होतो, खांदा बन्सीनं दिला आणि जोर बैलांचा होता. मग बन्सी, बाजूला विडी ओढत असला तर, म्हणायचा, "ऐकू नका त्याचं. उतरला असता तर आज म्या हितं नसतो."